बांध नसलेलं गाव: इंग्लंडमधल्या लॅक्स्टनमध्ये शेती अजून जुन्या पद्धतीने कशी चालते?

२०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल करायची बातमी आली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा होता. गुंठा, अर्धा गुंठा, सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढणार, आणि मग काकांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "साहेबाच्या देशात जाऊन बघा, एकेकाचं शेत म्हणजे दुसरं टोक दिसत नाही, तुकडे हा आपलाच रोग."

काकांचं अर्धं बरोबर आहे. आज इंग्लंडमध्ये मोठी, सलग, कडेनं झुडपांचं कुंपण घातलेली शेतंच दिसतात. पण ती कायम तशी नव्हती, आणि एका गावात तर ती आजही तशी नाहीत. त्या गावात एकाच शेतकऱ्याचा एक पट्टा इकडे, दुसरा तिकडे, तिसरा पार टेकडीपलीकडे, मधे बांध नाही, कुंपण नाही, शेजाऱ्याचं पीक कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं हे फक्त नांगराच्या एका सरीवरून ओळखायचं. आणि तरी तिथे कुणी कुणाच्या डोक्यात कुदळ घातलेली नाही. ग्रुपवर एवढं सगळं टाइप करणं शक्य नव्हतं, म्हणून हे सविस्तर.

आधी गाव कुठे आहे ते

गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर काउंटीत, रॉबिन हूडच्या गोष्टीतलं शेरवूडचं जंगल ज्या बाजूला आहे तिकडे, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या छोट्या गावांच्या मधे. वस्ती म्हणाल तर काही शे लोक, आपल्याकडची एखादी बऱ्यापैकी वाडी. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं आणि गोठे, सेंट मायकलचं जुनं चर्च, डव्हकॉट इन नावाचा पब, आणि चक्क एक कोंडवाडा. हो, भटकी गुरं कोंडायचा कोंडवाडा, आणि त्यासाठी नेमलेला माणूससुद्धा.

गावाच्या उत्तरेला मातीचा एक मोठा उंचवटा आहे. फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर बांधलेल्या गढीचे ते अवशेष. त्यांच्याच राजाने, विल्यमने, १०८६ मध्ये जवळपास अख्ख्या देशाची महसुली पाहणी करून घेतली, कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती कुळं. डूम्सडे बुक म्हणतात त्याला, म्हणजे राजाने बनवून घेतलेला सगळ्या देशाचा सातबाराच समजा. त्यात लॅक्स्टन आहे. आधीचा मालक टोकी नावाचा माणूस, आणि पाहणीच्या वेळी जमीन जेफ्री अ‍ॅल्सेलिन या नव्या सरदाराकडे गेलेली. जिंकणाऱ्याने जमिनी आपल्या माणसांना वाटल्या, सगळीकडे होतं तेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. इंग्लंडच्या खेड्यात साधारणपणे शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध एकटं असतं. लॅक्स्टनमध्ये शेतकरी गावठाणात राहतात, एकमेकांना खेटून, आणि सकाळी शेताकडे जातात. आपल्यासारखंच.

ओपन फील्ड म्हणजे काय भानगड आहे?

ओपन फील्ड म्हणजे कुंपण नसलेलं, पूर्ण गावाचं मिळून एक प्रचंड मोठं शेत. लॅक्स्टनमध्ये अशी तीन आहेत, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, तिन्ही मिळून आज साधारण ४८० एकर. प्रत्येक मोठ्या शेतात लांब, अरुंद पट्टे आखलेले, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे काही पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले.

आता तीनच का? कारण पीक फिरवायचं असतं. एका शेतात हिवाळ्याआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक म्हणजे बार्ली, घेवड्यासारखी कडधान्यं वगैरे, आणि तिसरं शेत पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे. पड टाकलेल्या शेतात पूर्वी गावाची मेंढरं चरायची, जमिनीला विश्रांती आणि फुकट खत दोन्ही. (आता पड म्हणजे अगदी मोकळी नसते, चाऱ्याचं पीक घेतात.) पण यात मेख अशी की हे सगळ्यांनी एकत्रच करावं लागतं. तुम्ही म्हणालात की यंदा पडीच्या शेतातल्या माझ्या पट्ट्यात मी गहूच लावणार, तर मेंढरं तुमचा गहू खाणार, आणि तक्रार करायला तोंड राहणार नाही.

लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. जमीन सामुदायिक नाही. पट्टा ज्याचा त्याचा, त्यातलं धान्यही ज्याचं त्याचं. सामायिक आहे ते वेळापत्रक आणि नियम. सोसायटीत फ्लॅट आपला पण पाण्याची वेळ सगळ्यांची एक, तसं.

पट्टे लांबुळके का, याचं उत्तर आपल्या ओळखीच्या शब्दात लपलंय. "फर्लांगभर अंतर" असं आपले आजोबा म्हणायचे ना, तो फर्लांग म्हणजे इंग्रजीत मुळात नांगराच्या एका सरीची लांबी. बैलांची मोठी जोडी, कधी कधी आठ बैल, वळवायला महाकठीण, म्हणून एकदा सुरू केलं की लांबवर सरळ जायचं, २२० यार्ड म्हणजे ६६० फूट. तेवढी लांबी आणि ६६ फूट रुंदी झाली की एकर, साधारण एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन. आणि आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्या ६६ च्या बरोब्बर निम्मा, म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या एकरावरून आपण भावाभावांत बोलणं टाकतो त्याचं माप तिकडच्या बैलांच्या दमावरून आलंय, हे मला कळलं तेव्हा थोडा वेळ मी गप्पच बसलो.

पण एकाच माणसाला सगळे पट्टे एका जागी का नाही दिले?

काकांचा पहिला प्रश्न हाच असणार. जाण्यायेण्यात वेळ जातो, हे खरंच आहे. त्यावर इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतायत, पण दोन कारणं पटतात. एक, न्याय. गावात चांगली जमीन असते, चिकट माती असते, उताराची असते, सावलीत राहणारी असते. सगळ्यांना सगळ्यातलं थोडं थोडं मिळालं की कुणी म्हणायला नको की पाटलाने आपल्या मेव्हण्याला ओढ्याकाठची दिली. दुसरं, विमा. खोलगट भागात पाणी साचून पीक गेलं तरी वरच्या उतारावरचं हाताशी राहतं. ज्या काळात एक हंगाम बुडाला की घरात उपासमार, त्या काळात थोडं कमी पिकलं तरी चालेल पण सगळं एकदम जाऊ नये हा हिशोब काही वेडेपणाचा नाही. आपल्याकडे कोरडवाहूचा शेतकरी एकाच रानात बाजरी, तूर, मटकी मिसळून पेरतो त्यामागे हेच डोकं आहे.

मग बाकी इंग्लंडमधून हे गेलं कुठे?

एन्क्लोजर नावाच्या प्रकाराने गेलं. एन्क्लोजर म्हणजे विखुरलेले पट्टे आणि गावची सामायिक कुरणं मोडून प्रत्येकाला एकगठ्ठा जमीन द्यायची आणि तिला कुंपण घालायचं. सुरुवातीला आपापसात समजुतीने किंवा जोरजबरदस्तीने झालं, नंतर सरळ पार्लमेंटचे कायदे करून. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० च्या वर कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात आली, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त.

फायदा झाला का? ज्याच्याकडे मोठी जमीन त्याला झाला. आपल्या मर्जीने पीक बदलता आलं, सलगम, क्लोव्हरसारखा चारा लावता आला, चांगल्या जातीची जनावरं वेगळी ठेवता आली. पण ज्या गरिबाकडे पट्टा नव्हता, फक्त कुरणात एक गाय चारायची वहिवाट होती, त्याच्या हातात कागद नव्हता, आणि कागद नसला की काय होतं ते मराठी वाचकाला मी काय सांगायचं. उत्पादन किती वाढलं यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण गाईवाल्याची गाय गेली यावर फारसे नाहीत.

आणि शेतं एकगठ्ठा झाल्यावर शेतकरी गावातून उठून आपापल्या शेतात घर बांधून राहायला गेले. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच.

लॅक्स्टन कसं काय सुटलं?

इथे कुणी थोर माणसाने वारसा वगैरे जपला असं वाटत असेल तर नाही. बरंचसं काम दोन जमीनदारांचं न जमल्यामुळे झालंय.

थोडं मागे जाऊ. सतराव्या शतकात हे गाव विल्यम कोर्टेन नावाच्या लंडनच्या बड्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. विकत घेतलेल्या मालाची नीट मोजणी हवी म्हणून त्याने मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून १६३५ मध्ये गावाचा नकाशा करून घेतला. प्रत्येक पट्टा, कुणाकडे आहे, किती आहे, सगळं, आणि वर नकाशातच नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी छोटी छोटी माणसं रंगवलेली. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे आणि लॅक्स्टनचा इतिहास एवढा तपशीलात माहीत असण्याचं मोठं कारण तोच.

आणि हा कोर्टेन आपल्याला अगदीच परका नाही बरं का. त्याच १६३५ साली त्याच्या गटाने राजा चार्ल्सकडून पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना मिळवला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून, आणि १६३६ मध्ये त्यांची जहाजं कॅप्टन वेडेलच्या हाताखाली निघून गोव्याला येऊन लागली, पुढे कारवारला वखार झाली. कोर्टेन स्वतः त्याच वर्षी वारला. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर एकीकडे लॅक्स्टनच्या पट्ट्यांचा नकाशा आणि दुसरीकडे गोव्याकडच्या व्यापाराचा बेत. असो, विषयांतर झालं.

पुढे गावची बरीच जमीन पिअरपाँट घराण्याकडे आली, त्यांनाच नंतर अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली, आणि उरलेल्यातली बरीच अर्ल ऑफ स्कारब्रो यांच्याकडे. दोघांचे पट्टे एकमेकांत मिसळलेले, त्यामुळे एकाला कुंपण घालायचं तर दुसऱ्याशी अदलाबदल करणं भाग. बोलण्यांवर बोलणी झाली पण गाडं अडलेलंच. काही भाग कुंपणात गेला, सगळा नाही. मग १८७० नंतर परदेशी धान्य स्वस्तात यायला लागून तिकडचे भाव पडले, आणि पडत्या भावात कुंपणाचा खर्च कोण करणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सच्या इस्टेटीने पट्टे जोडून रुंद केले, संख्या कमी केली, पण पद्धत ठेवली. तोवर बाकीच्या देशातून ती जवळपास संपली होती आणि लोक हे गाव बघायला यायला लागले होते.

१९५२ मध्ये ही इस्टेट सरकारच्या कृषी मंत्रालयाने विकत घेतली, ही पद्धत टिकावी म्हणूनच. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावाने असलेल्या पण सरकारसाठी चालवल्या जाणाऱ्या मालमत्तेकडे गेली. आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ती थोर्सबी इस्टेटला विकली. थोर्सबी म्हणजे कोण, तर मॅनव्हर्सवाल्यांचंच वारसदार घर. फिरून फिरून भोपळे चौकात.

बांध नाही, मग बांध कोरला तर?

खरं सांगायचं तर लॅक्स्टनबद्दल लिहायचं मनात आलं ते या भागासाठी. पट्टे, नकाशे ठीक आहे, पण गाव चालतं ते यावर.

आपल्याकडे दरवर्षी नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या बांधात घालायचं, दहा वर्षांत बांध गायब, मग मोजणी, मग तालुक्याच्या कोर्टात तारखा. लॅक्स्टनमध्ये बांधच नाही म्हटल्यावर हा मोह रोजचाच. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे कोर्ट लीट. कोर्ट लीट म्हणजे जमीनदाराच्या इस्टेटीचं जुनं गावकोर्ट, ज्यात गावातलेच लोक ज्युरी असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी, नवा गहू पेरून झाला की, बारा जणांची ज्युरी त्या गव्हाच्या शेतात जाते. वेळ बघा, नोव्हेंबरचा शेवट, इंग्लंड, चिखल, बोचरा वारा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडी खुंटे आणि हातोडे टाकून निघतात. प्रत्येक पट्ट्याची हद्द बघायची, पुसट झाली असेल तिथे खुंटा ठोकायचा. कुणी रस्त्यात नांगर घातलाय का, कुणी चर साफ केली नाही का, कुणी साईकमध्ये घुसलंय का, ते बघायचं. साईक म्हणजे शेताच्या मधे मुद्दाम न नांगरता ठेवलेली गवताची पट्टी, जिथे पाणी वाहतं किंवा उतार फार आहे तिथली. या गवताचा दरवर्षी लिलाव होतो, म्हणजे साईक कोरणं हे गावाच्या पैशाला हात लावणं झालं. (आणि आता तर तिथली रानफुलं मोलाची झालीत, कारण ती जमीन कधी नांगरलीच गेली नाही.)

फिरून झालं की सगळे डव्हकॉट इनमध्ये जेवायला. तिथे बसून ठरतं कुणाची काय चूक आणि किती दंड. आठवड्याभराने त्याच पबमध्ये कोर्ट भरतं. इस्टेटीतर्फे स्टुअर्ड म्हणून कायदा जाणणारा माणूस बसतो, ज्युरीची यादी वाचली जाते, दंड लागतात, आणि पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू जाणार त्याची ज्युरी शपथ घेते. दंडाची रक्कम किरकोळ. पण चारचौघांत, पबमध्ये, तुमचं नाव वाचून सांगितलं जातं की तुम्ही एक सरी पुढे गेलात. ज्या गावात रोज त्याच रस्त्यावरून जायचं आहे तिथे ही फार मोठी रक्कम आहे.

हा नुसता देखावा आहे का, असा संशय मलाही आला होता. पण १९७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून देशभरातल्या अशा जुन्या गावकोर्टांचे कायदेशीर अधिकार काढून घेतले, ती फक्त परंपरा म्हणून भरू शकतात असं केलं, तेव्हा लॅक्स्टनला अपवाद ठेवलं. कारण साधं, इथे या कोर्टाला अजून रोजचं काम होतं.

"सामायिक म्हटलं की वाट लागतेच"

हे मत फार जणांचं आहे आणि त्याला वजनदार आधारही आहे. अमेरिकेतले पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेलं, शेवटी कुरण उजाड. ऐकायला बिनतोड. पण यात गृहीत काय धरलंय तर त्या कुरणाला ना नियम, ना राखणदार, लोक एकमेकांशी बोलतही नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली कुरणं, जंगलं, पाटपाणी, मासेमारी बघून दाखवलं की लोक नियम बनवतात, राखण करतात, आधी छोटा दंड आणि न ऐकल्यास मोठा असं करत टिकवतातही. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ती पहिली बाई, २००९ मध्ये. लॅक्स्टनची ज्युरी बघा, राखणदार कोण तर शेजारीच, दंड छोटा, निकाल आठवड्यात, आणि जो आज तपासतोय त्याचे पट्टेही उद्या कुणीतरी तपासणार. फड पद्धतीचं पाणी वाटप माहीत असलेल्या धुळे, साक्रीकडच्या लोकांना यात काहीच नवीन वाटणार नाही.

मग हे म्युझियम आहे का?

थोडंसं आहे. पबच्या मागे माहिती केंद्र आहे, शाळांच्या सहली येतात. पण शेतात कंबाइन हार्वेस्टर चालतो, धान्य बाजारात जातं, आणि पट्टे बैलांच्या काळापेक्षा बरेच रुंद आहेत, नाहीतर मशीन वळणारच नाही. शेतकरी कुळं आहेत, मालक नाहीत, आणि त्यांच्याकडे पट्ट्यांशिवाय कुंपणातली जमीनही असते. नुसत्या पट्ट्यांवर घर चालणं अवघड, हेही खरं. डेअरी आणि छोट्या शेतीचं तिकडेही काही बरं चाललेलं नाही, शेतकरी कमी कमी होत गेलेत, आणि ज्युरीला बारा जण लागतात हे विसरू नका.

आपल्या तुकड्यांशी याचा संबंध लावू नका

निदान सरळसोट तरी नको. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तो एक प्रकारे आपला एन्क्लोजरच, फक्त उद्देश वेगळा. आपले तुकडे वारसाहक्काने पडतात, तीन भाऊ म्हणजे तीन वाटे, पुढच्या पिढीत नऊ. लॅक्स्टनचे पट्टे पिढीगणिक वाढत नाहीत, कारण जमीन इस्टेटीची आणि कूळ एकच. तिथे विखुरणं आधी ठरवून केलेलं, इथे ते होत गेलेलं. त्यामुळे "बघा, इंग्लंडमध्येही तुकडे चालतात" असं म्हणून कुणी गुंठेवारीचं समर्थन करायला लागलं तर ते चूक आहे. तिथून काही आणायचं झालंच तर ती नोव्हेंबरातली फेरी आणावी.

हे सगळं मी थोडक्यात करून शेवटी ग्रुपवर टाकलं. काकांनी आधी अंगठा दिला. मग अर्ध्या तासाने त्यांचा मेसेज आला, "तो खुंटा किती खोल ठोकतात रे? आमच्याकडचा रात्रीत सरकतो."